वापर : निरंक

विषय : सौ. बायजाबाई बिरा मदने, चहाची टपरी, यमाईच्या पायऱ्यांखाली, औंध, यांचा मोबाईल नंबर आहे तोच चालू राहणेबाबत.

संदर्भ : १) कंपनीचा मेसेज (इंग्रजी). २) बिराची रोजची एक रिंग. ३) टपरीवर वेळोवेळी झालेली तोंडी चर्चा.

उपरोक्त विषयास अनुसरून सादर करण्यात येते की, कचेरीत मी पस्तीस वर्षं काढली, पण टेबलावर फाईल ठेवताना कोणी मला कधी दिसलं नाही. संध्याकाळी टेबल मोकळं करून जावं, सकाळी ढीग तयार. किश्शांचंही तसंच असतं. ते मुद्दाम कोणी आणून देत नाही. रिकामी माणसं रोज एका बाकावर बसली की आपोआप साठतात.

आमचा बाक बायजाक्काच्या टपरीसमोर आहे. यमाईच्या पायऱ्या चढायला ज्यांचे गुडघे नकार देतात ते इथं बसतात आणि देवीला खालूनच हात जोडतात. बाकावर कायमचे तिघं : मिलिटरीतून निवृत्त झालेले सुभेदार, प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले पवार गुरुजी आणि मी. मी कारकून होतो, म्हणून सगळे मला भाऊसाहेब म्हणतात. तिघांकडेही मोबाईल आहेत आणि तिघांच्याही मोबाईलला फारसं काम नाही. मोबाईल कंपन्यांच्या दृष्टीनं आमच्याइतकं नापीक रान तालुक्यात दुसरं नसेल.

काम होतं ते बायजाक्काच्या फोनला.

बिरा तिचा नवरा. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन तो निघतो, कोयनानगरवरून घाट उतरून कोकणात जातो आणि पावसाच्या तोंडावर परत येतो. पूर्वी तीही बरोबर जायची. गुडघ्यांनी साथ सोडल्यावर तिनं टपरी टाकली. बिराच्या जथ्यात पाच घरांची मेंढरं, आणि पाच घरांत मिळून एक फोन. रानात तो रोज चार्ज करायची सोय नाही. म्हणून सकाळी नऊच्या सुमाराला फोन चालू करायचा, पाच जणांनी आपापल्या घरी एकेक रिंग द्यायची आणि फोन बंद करायचा. एक रिंग म्हणजे 'सुखरूप आहे'. बोलणं नाही. आपण उलटा फोन करावा, तर तो दिवसभर बंद.

बिराला अक्षर येत नाही, आकडाही येत नाही. बायकोचा नंबर त्याच्या बोटांत आहे. ढोलाचा ठेका हातात बसतो तसा तो बसलेला आहे.

आणि गेल्या मोसमात बिरा कोकणात असताना कंपनीचा मेसेज आला की प्लॅन महिनाअखेर संपतोय. रिचार्ज केला नाही तर इनकमिंगही बंद होईल आणि पुढं नंबर जाईल. ती करायची तो बारका रिचार्ज कंपनीनं बंद केला होता. आता सगळ्यात लहान प्लॅनमध्ये रोज दोन जीबी इंटरनेट, वाटेल तितकं बोलणं आणि सिनेमे बघायची सोय. बायजाक्काच्या फोनला इंटरनेट नाही. बटणं आहेत, त्यातली दोन दाबली जात नाहीत.

"एवढ्यात माजं टपरीचं निम्म्या म्हयन्याचं दूध यील," ती म्हणाली.

"मग नवं सिम घे की," गुरुजी म्हणाले. "नवा नंबर स्वस्तात मिळतो."

"आनि त्याच्या बोटास्नी कोन सांगनार?"

गुरुजींनी चहा प्याला.

* * *

त्या एका रिंगेचं वजन आम्हाला ठाऊक होतं. दोन वर्षांपूर्वी बायजाक्काचा फोन उकळत्या दुधात पडला. फोन बाहेर काढला, उन्हात ठेवला, तांदळात ठेवला. सुभेदारांनी त्याला पलटणीत पाठ केलेल्या सगळ्या शिव्या दिल्या. तो काही उठला नाही. दुरुस्त होऊन यायला तीन दिवस गेले.

चौथ्या दिवशी सकाळी बिरा टपरीसमोर उभा. खांद्यावर घोंगडं, गुडघ्यापर्यंत धूळ, डोळे लाल. मिळेल त्या ट्रकनं घाट चढून आला होता. बायकोला त्यानं पायापासून डोक्यापर्यंत एकदा बघून घेतलं.

"काय झालंतं?"

"फोन दुधात पडलाता," बायजाक्का म्हणाली. "च्या घेनार?"

तो चहा प्याला आणि आल्या वाटेनं परत गेला. मेंढरं दुसऱ्यांच्या भरवशावर टाकून आला होता. तेवढ्यात बिबट्यानं चार नेली.

"चार मेंढरांचा च्या प्याला त्यो," असं बायजाक्का अजून सांगते. तेव्हा हा नंबर बंद पडला तर कोकणात नेमकं काय होईल याबद्दल बाकावर कोणाच्याही मनात शंका नव्हती.

* * *

"असा कसा बंद करतील? काही नियम असेल, मी बघतो," असं मी म्हणालो. निवृत्त कारकुनाला हे बोलायची सवय असते.

"भाऊसाहेब," सुभेदार म्हणाले, "आधी तुमच्या लाईफटाईमचं काय झालं ते अक्काला सांगा."

सांगावं लागलं. काही वर्षांपूर्वी मी एक सिम घेतलं होतं. त्यावर 'लाईफटाईम इनकमिंग' असं छापलं होतं. पावती फाईलला लावली, फाईल कपाटात ठेवली आणि निश्चिंत झालो. पुढं एके दिवशी इनकमिंग बंद. मूळ पावती घेऊन साताऱ्याला कंपनीच्या दुकानात गेलो. आम्ही पेन्शनवाले दरवर्षी बँकेत हयातीचा दाखला देतो. त्याची एक झेरॉक्स माझ्या पिशवीत कायम असते. पावती आणि दाखला, दोन्ही काउंटरवरच्या मुलीपुढं ठेवले.

"हे काय आहे, काका?"

"हयातीचा दाखला. लाईफटाईम अजून संपलेला नाही, त्याचा पुरावा."

मुलगी चांगल्या घरची असावी. तिनं दाखला पूर्ण वाचला, शिक्का बघितला, आत जाऊन कोणाला तरी दाखवून आली.

"काका, लाईफटाईम म्हणजे तुमचा नाही. प्लॅनचा."

"प्लॅन कधी वारला?"

"मार्चमध्ये."

"मागं कोणी आहे का?"

मागं एक वारस होता. तो दर महिन्याला पैसे मागत होता.

* * *

सुभेदारांची गोष्ट उलटी. त्यांचा मुलगा पुण्याला असतो. त्यानं बापावरच्या प्रेमानं मोठा प्लॅन मारून दिला आणि फोनवर सांगितलं, "दादा, रोज दोन जीबी मिळतं. वापरलं नाही तर रात्री बारा वाजता जातं."

सुभेदारांना जीबी म्हणजे काय हे कळलं नाही, पण रोज मिळतं आणि उचललं नाही तर जातं, हे बरोबर कळलं. ते रेशन होतं. पलटणीत ज्यानं आपलं रेशन सोडलं तो मूर्ख.

त्या दिवसापासून सुभेदार रोज दोन जीबी संपवायला बसू लागले. ऊसतोडणी यंत्राचे व्हिडिओ बघितले. रशियातल्या रेल्वेचे बघितले. कोणीतरी तासभर नुसती भिंत रंगवत होता, तेही बघितलं. तरी संध्याकाळी काही उरायचंच. मग ते अंगणात खुर्ची टाकून स्वयंपाकघरात बायकोला व्हिडिओ कॉल लावू लागले.

"आवं, आता काय?" काकूंचा चेहरा फोनवर आणि आवाज खिडकीतून, असं एकदमच यायचं.

"काही नाही. अजून पाचशे शिल्लक आहे. बोल काहीतरी."

"काय बोलू? भाजी करपायलीया."

"दाखव."

काकूंनी भाजी दाखवली. सुभेदारांनी ती पूर्ण करपेपर्यंत बघितली. "व्हिडिओ एकदम साफ होता," असं ते सांगतात.

बायजाक्काची अडचण ऐकल्यावर त्यांनी पहिला प्रस्ताव ठेवला तोही तसाच. "माझं रेशन अक्काच्या कार्डावर चढवा. एवढं मी खाऊ शकत नाही." असं चढवता येत नाही हे समजावण्यात आमची एक सकाळ गेली.

* * *

बाकावर मोबाईलचा खरा जाणकार म्हणजे पवार गुरुजी. ते फोनवर बोलत नाहीत, मिस कॉल देतात. कंपन्यांनी बोलणं फुकट केलं तरी त्यांनी तत्त्व सोडलं नाही. त्यांनी मिस कॉलचं व्याकरण बसवलं आहे आणि ते घरच्या सगळ्यांकडून पाठ करून घेतलं आहे. एक रिंग : सुखरूप पोचलो. दोन : सवडीनं फोन कर. तीन : पाहुणे आलेत, येताना दूध आण. चार : काय सांगायचं होतं ते विसरलो, पण काळजी नको. या व्याकरणात फोन उचलायला जागा नाही. फोन उचलला गेला, तर तो अपघात.

गुरुजींची लेक सुनंदा आष्ट्याला दिलेली आहे. एकदा तिच्याकडून परत आल्यावर गुरुजींनी औंधच्या स्टँडवर उतरून तिला एक रिंग दिली. सुनंदाच्या हातात त्या वेळी फोनच होता. तिनं उचलला.

"हॅलो?"

गुरुजी स्टँडवरच्या कट्ट्यावर खाली बसले. "काय झालं गं?"

"कुठं काय? तुम्हीच फोन केलाय, बाबा."

"मी केला. पण तू उचललास. काय झालंय ते खरं सांग."

"काही नाही हो. हातात होता म्हणून उचलला."

"हातात असला म्हणून असा एकदम उचलायचा? शेजारी कोण आहे? त्यांच्याकडं फोन दे."

शेजारी जावई होते. त्यांनी सगळं ठीक असल्याचं शपथेवर सांगितलं, त्यामुळं तर गुरुजींची खात्रीच पटली. समोर उभ्या असलेल्या गाडीत बसून ते परत आष्ट्याला गेले, लेकीला डोळ्यांनी बघितलं, मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी औंधला येऊन पुन्हा एक रिंग दिली. ती वाजून संपेपर्यंत सुनंदा दोन्ही हात पाठीमागं बांधून उभी होती, असं जावई सांगतात.

मी आणि सुभेदार या गोष्टीला दर वेळी हसतो. बायजाक्का हसत नाही.

"बरुबर हाय गुर्जींचं," ती म्हणते. "रिंग मोजायची असती. उचलला की समोरच्याच्या पोटात गोळा येनारच."

* * *

या जावयांचं आष्ट्यात मोबाईलचं दुकान आहे. गुरुजींनी त्यांना दोन रिंगा दिल्या, त्यांचा फोन आला, गुरुजींनी अडचण सांगितली. जावई म्हणाले, "मामा, बाईंचा वापर किती आहे ते कळवा. त्यावरून प्लॅन काढतो."

'कळवा' म्हटल्यावर विषय माझ्या अखत्यारीत आला. मी नवी वही आणली, रकाने आखले. तारीख, आलेले फोन, केलेले फोन, बोलणे (मिनिटे), इंटरनेट, शेरा. तुलनेसाठी चौघांचीही नोंद आठवडाभर ठेवली.

सुभेदारांचे केलेले फोन भरपूर निघाले, सगळे अंगणातून स्वयंपाकघरात. मला सात फोन आले. त्यातल्या सहा जणांना मला कर्ज द्यायचं होतं, सातव्याचा नंबर चुकला होता आणि बोलायला तोच सगळ्यात बरा निघाला. गुरुजींच्या नावावर चौतीस मिस कॉल आणि बोलणं दोन मिनिटं. ती दोन्ही मिनिटं याच प्रकरणात खर्ची पडलेली.

बायजाक्काच्या पानावर मात्र मी सात दिवस एकच शब्द लिहीत गेलो. आलेले फोन : निरंक, कारण उचललेला एकही नाही. केलेले : निरंक. बोलणे : निरंक. इंटरनेट : निरंक. शेऱ्याच्या रकान्याशी पेन थांबलं. मग लिहिलं, 'गरज : रोजची.'

जावयांनी ते पत्रक बघितलं आणि फोन केला. "मामा, यांचा वापरच नाही. मग यांना फोन कशाला पाहिजे?"

गुरुजी म्हणाले, "वाजायला."

मला ते वाक्य इतकं पटलं की त्याच दुपारी मी कंपनीला रीतसर अर्ज केला. विषय : मिस कॉल हा वापर समजण्यात येऊन अल्प वापर करणाऱ्या ग्राहकांसाठी बारका रिचार्ज पुन्हा सुरू करणेबाबत. सोबत आठवड्याचं विवरणपत्र, बायजाक्काच्या आधारची प्रत आणि टपरीचा नकाशा जोडला. अर्जदार म्हणून बायजाक्काचा अंगठा आणि संपर्कासाठी तिचाच नंबर दिला. रजिस्टर पोस्टानं पाठवला. पोचपावती आली.

"पोच आली म्हंजी काम झालं का, भाऊसाहेब?" तिनं विचारलं.

"पोच आली म्हणजे कागद पोचला," मी म्हणालो. याहून जास्त आश्वासन मी नोकरीतही कधी कोणाला दिलेलं नाही.

* * *

काम केलं ते जावयांनी. दुसऱ्या एका कंपनीचा एक जुना प्लॅन त्यांनी शोधून काढला. बोलायला मिनिटं मोजकी, इंटरनेट नाही, पण एकदा पैसे भरले की कितीतरी महिने बघायला नको. जाहिरात कुठंच नाही. "दुकानदाराला यात काही सुटत नाही, मामा, म्हणून कोणी सांगत नाही," जावई म्हणाले. "नंबर तोच राहील, फक्त कंपनी बदलेल. पण त्यांची रेंज औंधात मिळते का, ते आधी बघा."

त्यांनी त्या कंपनीचं एक सिम तपासायला पाठवलं. सुभेदारांनी ते आपल्या फोनमध्ये घातलं आणि मोहीम हाती घेतली. गुडघ्यांची तक्रार विसरून ते पायऱ्या चढू लागले आणि दर दहा पायऱ्यांवर थांबून खाली खबर देऊ लागले.

"एक काडी."

आणखी वर गेले. "दो काडी."

मग बराच वेळ आवाज नाही. शेवटी देवळाजवळून हात हलवताना दिसले. खाली आल्यावर त्यांनी अहवाल दिला : देवळाच्या दारात पाचही काड्या, उतरताना एकेक कमी, टपरीसमोर सफाचट.

"देवीला फुल रेंज हाय म्हना की," बायजाक्का म्हणाली. "तिला काय करायची? तिच्याकडं समदी चालत येत्यात."

तिच्या गुडघ्यांनी रोज नऊ वाजता देवळात पोचणं शक्य नव्हतं. मग टपरी इंच इंच तपासली. शेगडीवर फोन धरला, बिस्किटांच्या बरणीवर धरला, दुधाच्या पातेल्यावर धरायला बायजाक्कानं मनाई केली. अखेर उत्तरेकडच्या खांबाला, माणसाच्या कानाच्या उंचीवर, एक काडी आली. फोन वीतभर सरकवला की जात होती, जागेवर आणला की येत होती. सुभेदारांनी तिथं खिळा मारला. काकूंनी जुन्या पोलक्याच्या कापडाची पिशवी शिवून दिली.

"एक काडी आहे," सुभेदार म्हणाले, "लेकिन पक्की आहे."

* * *

कंपनी बदलायला बायजाक्कानं स्वतः दुकानात यावं लागणार होतं. तिनं एक दिवस टपरी बंद ठेवली. नऊची रिंग आल्यावर गुरुजी, मी आणि ती असे कराडला गाडी बदलून आष्ट्याला गेलो. बरोबर कागदपत्रांची माझी पिशवी होतीच.

अंगठा झाला, आधार झालं, फोटोशी अडलं. आता नुसता फोटो चालत नाही. समोरचं माणूस जिवंत आहे की कोणी फोटोचा फोटो काढतंय, हे मशीन बघतं. त्यासाठी डोळ्यांची उघडझाप करून दाखवावी लागते. बायजाक्काचे डोळे सगळा जन्म चुलीच्या आणि शेगडीच्या धुरात गेल्यानं बारीक झालेले. ती उघडझाप करत होती, मशीनला दिसत नव्हती. तीनदा लाल अक्षरं आली.

"काय म्हनतंय?"

"पुन्हा करा म्हणतंय," जावई म्हणाले.

"मी जित्ती न्हाई म्हनतंय व्हय त्ये?"

जावयांनी पुन्हा मशीन धरलं. माझ्या पिशवीत हयातीचा दाखला होता, पण तो माझा.

एवढ्यात बायजाक्काच्या कमरेच्या पिशवीतला फोन वाजला. एक रिंग, आणि बंद. तिचे दोन्ही डोळे असे टक्क उघडले की मशीननं ताबडतोब हिरवी खूण केली. तिला त्याचं काही नव्हतं. "ह्या वक्ताला?" असं म्हणत ती फोन काढू लागली.

मागं गुरुजी स्वतःचा फोन खिशात घालत होते. "मी दिली," ते म्हणाले. "डोळे उघडावेत म्हणून."

बायजाक्का त्यांच्याकडं बघत राहिली. "गुर्जी, चेष्टा कशाची बी करावी. रिंगंची करू ने."

औंध येईपर्यंत गुरुजी गाडीत खिडकीबाहेर बघत होते. उतरल्यावर त्यांनी सवयीनं फोन काढला आणि सुनंदाला रिंग न देताच परत ठेवला. पंधरा मिनिटांत सुनंदाचा फोन आला, की बाबा, रिंग आली नाही, काय झालं?

* * *

जावयांनी सांगितलं होतं की चार-पाच दिवसांत एके वेळी जुनं सिम बंद पडेल. मग नवं घालायचं. मधले एक-दोन तास फोन मुका राहील. "कधी, ते सांगता येत नाही," असंही म्हणाले होते.

चौथ्या दिवशी सकाळी साडेआठला सिम बंद पडलं.

गुरुजींनी फोन उघडला, बॅटरी काढली, नवं सिम घातलं. फोन चालू झाला. खांबाला लावला. एकही काडी नाही. खिळा तोच, पिशवी तीच. पावणेनऊ झाले. सुभेदार उठून उभे राहिले आणि तसेच उभे राहिले. नऊ झाले. दोन गिऱ्हाइकं आली, बायजाक्कानं त्यांना चहा दिला, एकाला साखर घालायची विसरली. तो माणूस बिनसाखरेचा चहा तसाच पिऊन गेला.

"नऊचं काही घड्याळ लावून देत नसतील," मी म्हणालो.

"पाच घरं असत्यात," बायजाक्का म्हणाली. "कवा ह्येचा नंबर पयला असतो, कवा शेवटचा."

सव्वानऊला एक काडी आली. रिंग त्याआधीच येऊन गेली असेल का, आणि आपल्याला कळलंच नसेल का, हे तिघांच्याही मनात होतं. बिरा आता फोन दुसऱ्याच्या हातात देऊन घोंगडं उचलत असेल, एवढंच मला दिसत होतं. साडेनऊ झाले. शेगडीवरचा चहा आटून काळा झाला तरी बायजाक्कानं तो उतरवला नाही. तिची पाठ खांबाकडं होती.

नऊ चाळीसला पिशवी वाजली.

एक रिंग. बंद.

बायजाक्कानं चहा उतरवला, ओतून टाकला, नवं आधण ठेवलं. "आज शेवटचा नंबर लागला वाटतं," ती म्हणाली. मग पदरानं तोंड पुसलं, आणि बराच वेळ पुसत राहिली.

सुभेदार खाली बसले. गुरुजींनी खिशातून फोन काढला, सुनंदाला एक रिंग दिली आणि आमच्याकडं बघून म्हणाले, "सहज."

त्या सकाळचा चहा बायजाक्काकडून. तिन्ही कपांत साखर दुप्पट पडली होती. आम्ही प्यायलो.

* * *

बिरा पावसाच्या आधी आला. मेंढरं पुरती होती. कंपनी बदलली, हे त्याला सांगितलं. त्यानं स्वतःच्या बोटांकडं बघितलं आणि विचारलं, "म्हंजी मला कायबी करायचं न्हाई?" न्हाई, म्हणालो. यंदा दिवाळीनंतर तो पुन्हा गेला. रोज नऊच्या सुमाराला खांबावर एक रिंग वाजते.

गेल्या आठवड्यात नऊची रिंग येऊन गेल्यावर फोन पुन्हा वाजू लागला. आम्ही तिघंही बाकावर होतो. बायजाक्का खांबाकडं तोंड करून उभी राहिली आणि मोजू लागली. फोन वाजायचा थांबल्यावर तिनं विचारलं, "गुर्जी, अकरा म्हंजी काय?"

गुरुजींनी विचार केला. "अकरा नाही. आपलं चारपर्यंतच आहे."

"बिराची नव्हं. त्याची मगाच झाली."

दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला पुन्हा अकरा. तिसऱ्या दिवशी मेसेज आला. गुरुजींनी चष्मा लावून वाचून दाखवला. जुन्या कंपनीचा होता. 'आपल्या अर्जाबाबत आम्ही आपल्याशी दोन वेळा संपर्क साधण्याचा प्रयत्न केला. आपण फोन उचलला नाही. पुन्हा प्रयत्न करण्यात येईल.'

"उचलावा का आता?" मी विचारलं.

"नगं," बायजाक्का म्हणाली. "अकरा-अकरा रिंगा देतोय, म्हंजी आधीच लय अडचनीत असनार त्यो मानूस. उचलला तर घाबरंल."

काल त्यांचा फोन पुन्हा आला. चौघांनी मिळून रिंगा मोजल्या. चौदा भरल्या.

अर्ज प्रलंबित आहे.